मातीत पाठ टेकण्याचा कायदा

पहिल्याच दिवशी वस्तादांनी मला निजायला सांगितलं आणि माझ्या अंगाची आग झाली.

मी काय निजायला आलो होतो? पालमच्या पेठेतलं बापाचं कापडाचं दुकान सोडून, आईला मामाकडं जातो अशी थाप मारून, उन्हातान्हात पायी वाट तुडवत राणीसावरगावच्या पलीकडच्या त्या खेड्यात मी पोचलो होतो, ते दांडपट्टा शिकायला. आमच्या गटात ठरलं होतं की प्रत्येकानं एकेक हत्यार शिकून घ्यायचं. सभा घ्यायची तर निजाम सरकारची परवानगी, मिरवणूक काढायची तर परवानगी, पोरांना अक्षर शिकवायला शाळा उघडायची तर परवानगी, आणि तालमीत जोर काढायचे तर त्या तालमीलाही परवाना. असल्या राज्यात माणसानं नुसती पत्रकं वाटून किती दिवस काढायचे? पत्रकं मी वाटली होती, लिहिलीही होती. "निजलेल्या तरुणा, ऊठ" हे त्यातल्या एकाचं पहिलं वाक्य माझंच. आणि इथं हा म्हातारा लाल मातीकडं बोट दाखवून शांतपणे म्हणतो, "नीज."

वस्ताद साठीच्या पुढचे होते. कपाळाला भस्म, गळ्यात चांदीच्या करंड्यात लिंग, घरी चांगली बैलबारदान्याची शेती. त्यांनी कधी कुणावर आवाज चढवला नाही असं गावात कौतुकानं सांगत. मला असल्या माणसांचा संशय यायचा. या राज्यात राहून ज्याला राग येत नाही तो एकतर बहिरा असला पाहिजे नाहीतर विकला गेलेला, असं माझं सरळ गणित होतं. आता ते राज्य गेलं, पण गणित मी मोडलेलं नाही.

तालमीचा कायदा असा होता की पट्ट्याला, काठीला, कशालाही हात लावायच्या आधी प्रत्येकानं मातीत पाठ टेकायची. माती तेल, ताक, हळद घालून मळलेली, वर कडुलिंबाचा पाला कुस्करलेला. तीत उताणं पडायचं. जबडा सोडायचा, खांदे सोडायचे, बोटं सोडायची. मग वस्ताद प्रत्येकाजवळ येत, मनगटाला धरून एक हात वर उचलत आणि सोडून देत. हात ओल्या धोतरासारखा खाली पडला तर ऊठ, हत्यार घे. नाही पडला तर पडून राहा.

माझा हात वस्तादांनी सोडला आणि तो तसाच हवेत राहिला.

सगळी तालीम हसली. बाजूच्या मातीतून एक गडी म्हणाला, "ए ऐलान, हात खाली घे गड्या, सभा संपली." त्या दिवसापासून माझं नाव ऐलान, म्हणजे जाहीर घोषणा, असं पडलं. मी चळवळीचा आहे हे तिथं कुणाला सांगितलं नव्हतं. पण ते बोलण्यावरून आणि त्याहून जास्त उभं राहण्यावरून कळतं, असं त्यांचं म्हणणं.

दिवस जात राहिले आणि मी निजत राहिलो. इतर गडी पट्टा फिरवायचे, पात्याचा वारा माझ्या तोंडावरून जायचा, आणि मी त्या वासाच्या मातीत आभाळाकडं बघत पडलेलो. सैल हो म्हटलं की माणूस सैल होतो का? मी जितका जोर लावून सैल व्हायला बघायचो तितक्या मांड्या दगडासारख्या व्हायच्या. शेवटी मी वस्तादांना तोंडावर विचारलं की तुमची ही तालीम आहे का धर्मशाळा. आजूबाजूचे दचकले. वस्ताद दचकले नाहीत. त्यांनी मला पट्टा जवळून दाखवला. त्याच्या मुठीवर कोपरापर्यंत येणारा लोखंडी खोबळा असतो, हात त्यात गेला की मनगट वळत नाही. म्हणजे सगळं काम खांद्याचं आणि कमरेचं. पातं हातभर नाही, उभ्या माणसाच्या छातीपर्यंत येईल एवढं लांब आणि लवचीक. खांदा आखडला की ते पातं वळून मालकावरच येतं. तालमीतल्या एका गड्याला अर्धा कान नव्हता. मी मनात त्याला शूर ठरवून टाकलं होतं. वस्तादांनी सांगितलं, त्याचा कान त्याच्याच पट्ट्यानं नेला होता.

बरं, एक दिवस माझा हात खाली पडला. मी उठलो आणि पट्ट्याकडं गेलो, तर वस्तादांनी माझ्या हातात लिंबू दिलं.

दुसरा कायदा हा, की पट्टा चालवायच्या आधी पट्ट्याखाली उभं राहायचं. डावा हात पुढं करायचा, तळव्यावर लिंबू ठेवायचं, आणि समोरच्यानं पट्टा फिरवत येऊन त्या लिंबाचे दोन तुकडे करायचे. तळव्याला धक्का न लावता. सुरुवातीला काठीनं करत, लिंबू नुसतं उडवत. मी काठी खाली यायच्या आधी डोळे मिटायचो आणि बोटं वर यायची. आखडलेला तळवा वाटीसारखा होतो, त्याच्या कडा वर येतात, आणि त्या कडाच पट्ट्याला सापडतात. हे कळत होतं. बोटांना कळत नव्हतं.

वस्तादांनी विचारलं, "लिंगपूजा करतोस का रोज?"

मी सांगितलं की सोडली. आमच्या घरी रोज सकाळी सगळे डाव्या तळव्यावर लिंग ठेवून पूजा करत, मीही लहानपणापासून केलेली. पण चळवळीत आल्यावर मी घरात जाहीर केलं होतं की देश गुलाम असताना कोपऱ्यात बसून तळव्याकडं बघत राहणं मला जमणार नाही. आई दोन दिवस जेवली नव्हती.

"उद्यापासनं कर," वस्ताद म्हणाले. "देवासाठी करू नगंस. हातासाठी कर."

असं बोलणारा लिंगायत मी जन्मात पाहिला नव्हता. कपाळाला भस्म लावणारा माणूस देवाला हाताच्या व्यायामासाठी वापरायला सांगतो? ज्या देवाला मी धिक्कारलं त्याच्या वतीनं मलाच राग आला. पण दुसऱ्या दिवशी मी ती पूजा केली. पट्टा हवा होता मला, दुसरं काय.

आणि मग अमीन आला.

अमीन म्हणजे ठाण्याचा मुख्य. दोन जवान बरोबर घेऊन तो सकाळीच घोड्यावरून तालमीत आला. परवान्यात अट होती की तालीम गावच्या गड्यांच्या व्यायामापुरती, बाहेरचा माणूस घ्यायचा नाही. बाहेरचा सापडला तर तालमीला कुलूप आणि वस्तादांना कोठडी. त्या दिवसांत आजूबाजूच्या गावांत अशी कुलुपं लागलेली आम्ही ऐकून होतो. मी पळालो असतो तर बाहेरचा सापडल्यासारखंच झालं असतं, म्हणून उभा राहिलो. इतरांसारखाच लंगोट, अंगाला इतरांसारखीच माती. मला वाटलं ओळखू येणार नाही.

अमिनानं एकदा सगळ्यांवरून नजर फिरवली आणि काठी थेट माझ्याकडं केली. "वस्ताद, ये कौन?"

वस्ताद म्हणाले, "भाचा हाय, साहेब. भैनीचा पोरगा. चार दिवस राह्याला आलाय."

अमीन हसला. "तुमारे सब लोगां पानी सरके खडे हैं. ये एकीच लकडी सरका. तालीम का नई दिखता."

सांगा, बाकीचे पाण्यासारखे उभे आणि मी लाकडासारखा, एवढ्यावरून माणूस पकडला जावा? मी तोंड उघडलं नव्हतं. घोषणा दिली नव्हती. माझ्या खांद्यांनी मला पकडून दिलं. नुसत्या खांद्यांनी. मी तिथं उभा होतो आणि ते खाली घ्यायला बघत होतो, आणि ते येत नव्हते.

अमीन म्हणाला की भाचा असो नाहीतर कुणी असो, तालमीतला गडी असेल तर लिंबू धरता येत असेल. तेवढं बघू, मग कळेल. वस्तादांनी पट्टा उचलला. तेव्हा अमिनानं हात पुढं केला. तो म्हणाला, तुम्ही भाच्याला वाचवाल, त्यात काय बघायचं. "हमने बी बचपन में पट्टा फिराया है. मैं काटता."

मी वस्तादांकडं बघितलं. आता तरी हा माणूस भडकेल असं मला वाटलं. ज्या तालमीत महिनोन् महिने निजल्याशिवाय कुणाला पट्टा मिळत नाही, तिथं सरकारी माणूस मागतो म्हणून देणार? आणि तोही माझ्या हातावर चालवायला? नाही म्हणा, मी मनात म्हणत होतो, एकदा तरी नाही म्हणा.

वस्ताद म्हणाले, "घ्या की साहेब. पर तालमीचा एक कायदा हाय. पट्टा घेणाऱ्यानं आदी मातीत पाठ टेकायची."

जवान एकमेकांकडं बघायला लागले. त्यातला एक पुढंही झाला. या मुलखात अमिनासमोर तोंडून "कायदा" हा शब्द काढायचा, तोही अमिनाला पाळायला सांगायचा, हे मी तरी कधी ऐकलं नव्हतं. पण अमीन स्वतः कुठल्याशा अखाड्यात वाढलेला. वस्तादाच्या मातीपुढं नाही म्हणायचं त्यालाही जड गेलं असावं. त्यानं क्षणभर विचार केला. मग कोट काढून जवानाकडं दिला, पिस्तुलाचा कमरबंद सोडून दगडी पायरीवर ठेवला, बूट काढले, वाकून माती कपाळाला लावली आणि उताणा पडला.

आणि वस्ताद मला म्हणाले, "तू बी नीज. तेंच्या बाजूला."

मी निजलो. माझ्या डाव्या हाताशी निजामाचा अमीन. त्याच्या अंगाला अत्तराचा आणि घोड्याचा वास. त्याचं पोट श्वासाबरोबर वर खाली होत होतं. आणि वस्ताद आमच्या दोघांच्या उशाशी बसून, रोज ज्या आवाजात आम्हाला सांगत त्याच आवाजात, दोघांनाही एकदमच सांगत होते. जबडा सोडा. गळा सोडा. खांद्याचं ओझं मातीला द्या, ती घेते. दोघांना एकच शिकवण, एकच शब्द. मला ओरडायचं होतं की हे काय चाललंय. ज्यानं आमच्यातल्यांना ठाण्यात उलटं टांगलं असेल त्याच्या खांद्याची तुम्हाला काळजी? त्याचं ओझं मातीनं घ्यावं?

पण ओरडता येईना, कारण जबडा सुटलेला होता.

बाजूला अमीन घोरायला लागला. खरंच घोरायला लागला. कुणीतरी फिसकन येणारं हसू दाबलं. एक जवान ताठ उभा होता, दुसऱ्याला उभं राहावं का बसावं ते कळेना. वस्तादांनी अमिनाचा हात मनगटाला धरून वर उचलला आणि सोडला. तो पडला. मग माझा उचलला आणि सोडला. तोही पडला.

"उठा," वस्ताद म्हणाले.

अमीन उठला तेव्हा त्याचं तोंड वेगळंच दिसत होतं, झोपेतून उठलेल्या कुणाही माणसाचं असतं तसं. त्यानं खोबळ्यात हात घातला, पट्टा एकदा डावीकडून, एकदा उजवीकडून फिरवला. पहिल्या फेरीलाच मला कळलं की हा माणूस खोटं बोलला नव्हता, ह्याला येतं. कमरेतून येत होता तो. मी डावा हात पुढं केला. वस्तादांनी तळव्यावर लिंबू ठेवलं आणि बाजूला झाले.

पातं डोक्यावरून गेलं, खांद्याशेजारून गेलं, आवाज आला सूप पाखडल्यासारखा. डोळे मिटले नाहीत. का मिटले नाहीत, माहीत नाही. मग काहीतरी गार तळव्याला टेकलं आणि उठलं. लिंबाचे दोन तुकडे दोन बाजूंना कलंडले. तळवा एकदम चुरचुरला, मला वाटलं रक्त. तो रस होता, काठीच्या जुन्या ओरखड्यात गेलेला.

अमिनानं माझ्या हाताकडं एकदा बघितलं. मग पट्टा काढून त्यानं दोन्ही हातांनी वस्तादांना परत दिला, कोट चढवला, पिस्तूल कमरेला लावलं. घोड्यावर बसताना म्हणाला, "भांजा किसका बी हो, हात तालीम का है. मुंह संभालने को बोलो." आणि गेला. परवान्याबद्दल एक शब्द काढला नाही.

तालमीत एकदम बोलणं फुटलं. अर्धा कानवाला माझी पाठ थोपटायला आला. कुणी तरी गुळाचा खडा तोंडात घातला. मी त्या सगळ्यांना बाजूला करून वस्तादांसमोर गेलो. पुढ्यात उभा राहिलो आणि विचारलं, "तुमी त्याला कामून शिकवलंत?"

"शिकवलं न्हाई," ते पट्टा पुसत म्हणाले. "त्याला येत व्हतं. खुर्चीत बसून आखडला व्हता."

"उद्या हाच हात तो आमच्यावर चालवील."

"चालवील."

"मग?"

त्यांनी पट्टा खाली ठेवला. "लेकरा, आखडल्या हातानं मारता येतं. थांबता येत न्हाई. त्यो तसाच आला आसता तर तुजं मनगट तिकडं त्या पायरीपाशी पडलं आसतं. मला आज ते वाचवायचं व्हतं. उद्याचं तुमी बगा, पत्रकं तुमची हायेत." मग जरा थांबून म्हणाले, "सोमवारी ये. पट्टा देतो."

म्हणजे त्यांना पहिल्यापासून माहीत होतं मी कोण ते.

पालमला परत आल्यावर गटाची बैठक भरली. आमच्यातले एक वडीलधारे, ज्यांच्याकडून मी चळवळ शिकलो, त्यांना मी सगळं जसं घडलं तसं सांगितलं. लपवायचं काय होतं? मला वाटलं होतं सगळे माझ्यासारखेच संतापतील, आणि तसे ते संतापले. म्हणाले, तो वस्ताद सरकारधार्जिणा आहे. तू त्या तालमीत पुन्हा पाय ठेवायचा नाहीस. मीही मान हलवत होतो. अगदी हेच तर माझं म्हणणं होतं.

मग त्यांनी विचारलं, "पिस्तूल पायरीवर होतं म्हणालास. किती लांब?"

मी म्हणालो, हात लांबवला असता तर लागलं असतं.

"आणि तो झोपला होता."

"घोरत होता."

"मग?"

प्रश्न मला कळला होता. ह्या क्षणापर्यंत तो मला कसा पडला नव्हता, हे मात्र कळत नव्हतं. मी, ज्यानं निजलेल्यांना उठवायची पत्रकं लिहिली, एका हाताच्या अंतरावर अमिनाचा उघडा गळा आणि त्याचं पिस्तूल असताना माझ्या मनात काय होतं? काही नव्हतं. पाठीखाली गार माती होती एवढंच आठवलं.

"मग काही नाही," मी म्हणालो. "आम्ही दोघं निजलो होतो."

एक जण हसला आणि बाकी कुणी हसत नाही हे बघून गप्प झाला. वडीलधारे म्हणाले की तुला त्यांनी बिघडवलं. आता घरी राहा, दुकानात बस, सांगू तेव्हा ये.

मी म्हणालो, सोमवारी पट्टा मिळणार आहे, मी जाणार.

ते म्हणाले, ही आज्ञा मोडणं झालं.

मी म्हणालो, झालं तर झालं. वस्तादांवर माझा राग आहे तो आहेच, तो मी जाऊन त्यांच्या तोंडावर सांगेन. पण हा हात तुमच्यापैकी कुणी वाचवलेला नाही.

आणि बाहेर पडलो. पेठ ओलांडून गावाबाहेरच्या पांदीला लागेपर्यंत मी ठीक होतो. तिथं डावा हात थरथरायला लागला. आधी बोटं, मग मनगट, मग खांद्यापर्यंत सगळा. मी तो उजव्या हातानं धरला, काखेत दाबला, तरी थांबेना. वाटेनं एक बाई सरपणाची मोळी घेऊन येत होती. ती थांबली आणि म्हणाली, "ताप भरलाय का रं बाबा? बस जरा सावलीला."

मी बाभळीखाली बसलो आणि तो हात तळवा वर करून मांडीवर ठेवून त्याच्याकडं बघत राहिलो.